थिबा राजा आपला नाही म्हणणारा म्यानमारी मित्र: तिथले लोक मूळचे कुठले?

जांभ्याची_वाट

मंडळी, परवा सुट्टीत रत्नागिरीला मामाकडे गेलो होतो. मी सिंगापूरला असतो, माझ्या टीममध्ये म्यानमारचा एक मुलगा आहे, तो भारत बघायला म्हणून सोबत आलेला. रत्नागिरीत म्यानमारचा माणूस आणायचा आणि थिबा पॅलेस दाखवायचा नाही असं कसं चालेल? नेला. लाल भिंती, उतरती कौलं, त्या अर्धगोल लाकडी खिडक्या सगळं दाखवलं. मी आपला भरभरून सांगतोय, की १८८५ ला इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला कुटुंबासकट इकडे आणलं, १९१० साली हा वाडा बांधून झाला, सहा वर्षं कशीबशी त्यात राहून १९१६ ला राजा इथेच गेला, थोरली राजकन्या तर शेवटपर्यंत रत्नागिरीतच राहिली वगैरे. मामींचे डोळे पाणावले. आणि हा शांतपणे म्हणाला, "वाईट झालं त्यांचं. पण हा आमचा राजा नव्हे. हा बर्मन लोकांचा राजा. मी कयिन आहे."

मला काही सुचेचना. इतकी वर्षं शेजारी बसून डबा खातोय आणि मी त्याला "बर्मी" म्हणत आलोय. परतीच्या प्रवासात त्याने बरंच सांगितलं पण अर्धं डोक्यावरून गेलं. म्यानमारमध्ये नक्की किती प्रकारचे लोक आहेत, आणि ते मूळचे कुठून आले? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भटका_खलाशी

चांगला धागा. जहाजावर होतो तेव्हा यांगूनला बऱ्याच फेऱ्या झाल्या, आमच्या क्रूमध्येही तिकडची पोरं असायची, त्या जोरावर लिहितो, चूभूद्याघ्या.

सरकारी यादीत १३५ "तायइन्ता" म्हणजे देशी जमाती आहेत आणि त्या आठ मोठ्या गटांत बसवल्यात: बमार (ज्यांना आपण बर्मन म्हणतो), शान, कयिन (इंग्रजांचे करेन), रखाइन, मोन, चिन, कचिन आणि कया. बमार साधारण दोन तृतीयांश, बाकी सगळे मिळून उरलेले. पण ही वाटणी बघा कशी आहे. चिनमध्ये ५३ जमाती, शानमध्ये ३३, आणि मोनमध्ये एकच, मोन! आता मोन लोकांचं राज्य बमारांच्याही आधीचं, आणि यादीत त्यांच्या वाट्याला एक ओळ. २०१४ ला मोठी जनगणना झाली, पण कुठल्या जमातीचे किती हे आकडे बाहेर आलेच नाहीत.

नकाशा डोळ्यासमोर आणायचा तर घोड्याचा नाल धरा. मधे इरावती नदीचं सपाट खोरं, तिथे भातशेती आणि बमार. कडेने तिन्ही बाजूंना डोंगर, तिथे बाकीचे. तुमचा मित्र त्या नालेच्या पूर्वेकडचा, थायलंडच्या हद्दीजवळचा.

मिरजमळा

वाचतोय. शेवटच्या बाकावर जागा धरली आहे.

रोखठोक_राव

यात एवढं काय आहे? सगळे मंगोल वंशाचे, चीनमधून खाली उतरलेले. कोणी आधी आलं कोणी नंतर, एवढाच फरक. चेहरे बघा, कळतं.

शब्दवेडी

रोखठोकराव, चेहऱ्यावरून मूळ ठरवायचं तर चित्पावन आणि काश्मिरी एका घरातले ठरतील 😀 हलकेच घ्या. पण मुद्दा गंभीर आहे म्हणून सविस्तर लिहिते. भाषा बघितल्या तर या एका देशात निदान तीन अगदी वेगळी घराणी राहतात आणि त्यांचा आपसात संबंध नाही.

पहिलं तिबेटी-बर्मी घराणं. बमार, रखाइन, चिन, कचिन, कयिन हे सगळे यातले. म्हणजे बर्मी भाषेची लांबची बहीण तिबेटी, जवळच्या बहिणी आपल्या ईशान्येत मणिपुरी आणि मिझो. दुसरं घराणं ताई, त्यात शान. हे थाई आणि लाओ लोकांचे सख्खे, स्वतःला शान म्हणतच नाहीत, "ताई" म्हणतात. दक्षिण चीनच्या बाजूने नद्यांच्या खोऱ्याखोऱ्यांनी भात लावत पुढे सरकत आले. यांचीच एक तुकडी सुकाफा नावाच्या सरदाराबरोबर पाटकाई डोंगर ओलांडून १२२८ साली ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उतरली, तेच आहोम. तिसरं ऑस्ट्रोएशियाटिक, त्यात मोन, पलाउंग आणि वा. हे घराणं त्या भागात सगळ्यात जुनं मानतात, कंबोडियाचे ख्मेर आणि व्हिएतनामी यांचे भाऊबंद. आणि आपल्या मेघालयातले खासी सुद्धा.

एक गंमत सांगते. बर्मीत "मी भात खातो" म्हणजे "ङा थमिन सा दे". मी, भात, खातो. शब्दाला शब्द मराठीचा क्रम! धागाकर्त्याने मित्राला कयिनमध्ये विचारावं, वेगळं येईल.

जांभ्याची_वाट

आत्ताच मेसेज करून विचारलं. "यऽ ऑ मे". म्हणतो ऑ म्हणजे खाणं, मे म्हणजे भात. म्हणजे आधी खायचं मग भात. तिबेटी-बर्मी घराण्यातले ना मग उलट कसं?

शब्दवेडी

तीच तर मजा. त्या घराण्यात क्रियापद शेवटी, कयिनमध्ये मात्र मधे. शेकडो वर्षं मोन आणि शान शेजारी, त्या दोन्ही भाषांत क्रियापद मधे, ते यांनी उचललं असं मानतात. मूळ कुठलं हे विचारताना शेजार कुणाचा हे पण विचारायला लागतं.

धारणीकर

शब्दवेडी ताई, तुम्ही ऑस्ट्रोएशियाटिक म्हटलं आन् मी जागा झालो बाप्पा. मी मेळघाटातला, धारणीला दुकान आहे. आमच्याकडले कोरकू. लहानपणी मास्तर सांगत की कोरकूची भाषा ना मराठीची ना गोंडीची, ती वेगळीच, पूर्वेकडच्या संथाळ मुंडांची. हे तेच घराणं का? दुकानात कोरकू गिऱ्हाईक आलं की मी त्यांच्यातच मोजतो, मिया, बारी, आफई, उफुन. एक दोन तीन चार.

शब्दवेडी

धारणीकर!!! तुम्ही तर धाग्याचं सोनं केलंत. हो, तेच घराणं. कोरकू ही मुंडा शाखेची सगळ्यात पश्चिमेकडची भाषा. आता "चार" हा एकच आकडा घेऊन पूर्वेकडे चालत जा. मेळघाटात उफुन. संथाळीत पोन. म्यानमारच्या मोनमध्ये पोन. कंबोडियात बुओन. व्हिएतनाममध्ये बोन. अमरावती जिल्ह्यापासून हनोईपर्यंत एकच शब्द, मधे अख्खा बंगालचा उपसागर आणि हजारो वर्षं.

मिरजमळा

अंगावर काटा आला. हे शाळेत का नाही शिकवलं कोणी!

रोखठोक_राव

ठीक आहे, चीनमधून सगळे आले हे मागे घेतो. पण मग बमार कुठले? राज्य तर त्यांनीच केलं.

भटका_खलाशी

बमारांची गोष्ट अशी सांगतात. त्यांच्या आधी कोरड्या पट्ट्यात प्यू लोकांची विटांच्या तटबंदीची शहरं होती, हालिन, बेइक्तानो, श्रीक्षेत्र (नाव बघा!), तिघांना २०१४ ला जागतिक वारशात जागा मिळाली. ८३२ साली आजच्या चीनच्या युनानमधल्या नानझाओ राज्याने प्यूंवर स्वारी केली, लोक धरून नेले. त्याच काळात त्याच उत्तरेच्या बाजूने बमार खाली सरकले आणि बगानला स्थिरावले. १०४४ ला अनोरथा गादीवर आला, मग दक्षिणेकडे मोन लोकांचं थाटोन घेतलं असं त्यांच्या बखरी सांगतात.

पण प्यू मेले नाहीत, ते बमार झाले. बगानजवळ म्याझेदीचा एक दगड आहे, १११३ च्या सुमाराचा, मी स्वतः बघितलाय, माझ्या छातीएवढा असेल. चार बाजूंना एकच मजकूर चार भाषांत: पाली, मोन, प्यू आणि बर्मी. आजारी बापाच्या नावाने मुलाने सोन्याची बुद्धमूर्ती दिली त्याचा लेख. प्यूची बाजू हाताने चाचपली तर अक्षरं आपल्याकडच्या जुन्या दाक्षिणात्य लिपीसारखी लागतात. त्याच दगडामुळे प्यू वाचता आली. त्यानंतर शे-दोनशे वर्षांत प्यू ही ओळख संपली, तो दगड मात्र अजून चौघांची हजेरी घेतोय.

पलटणीचा_नातू

खलाशीबुवा, भारी लिहिलंत. आमचे आजोबा मराठा पलटणीत होते, १९४४ ला इम्फाळच्या बाजूला. घरी फार बोलायचे नाहीत पण एक सांगायचे, की हद्द ही फक्त साहेबाच्या नकाशावर होती. ओझी वाहायला आलेले नागा, कुकी गडी म्हणायचे आमचा चुलता त्या बाजूच्या डोंगरात आहे. तेव्हा आजोबांना वाटायचं हे हेर असतील. खरं म्हणजे ते साधं नात्यातलं सांगत होते. तिकडचे चिन आणि इकडचे मिझो-कुकी एकाच मुळाचे. २०२१ च्या लष्करी उठावानंतर हजारो चिन मिझोराममध्ये आले तेव्हा गावागावांनी त्यांना घरात घेतलं ते म्हणूनच. आणि कचिन म्हणजे अरुणाचल-आसाममधले सिंगफो. आसामातला चहा इंग्रजांना दाखवला तो याच सिंगफोंनी, १८२३ साली.

मिरजमळा

एक शंका. नागालँडमध्ये मोन नावाचा जिल्हा आहे, तो याच मोन लोकांचा का?

पलटणीचा_नातू

नाही हो, नुसतं नाव सारखं. तिथे कोन्याक नागा राहतात. पण त्याच जिल्ह्यातल्या लोंगवा गावात प्रमुखाच्या घरातून भारत-म्यानमार सीमा जाते, ते विषयाला धरून आहेच.

जांभ्याची_वाट

आमच्या गड्याने कयिन लोक कुठून आले याची त्यांची गोष्ट सांगितली ती टाकतो, त्याच्या आजीने सांगितलेली. "तो मेह पा" नावाचा एक म्हातारा होता, त्याने मारलेल्या रानडुकराच्या सुळ्याची फणी करून केसांत फिरवली की माणूस म्हातारा होत नसे. कुटुंब वाढलं, जमीन पुरेना, म्हणून सगळ्यांना घेऊन नव्या मुलुखाला निघाला. वाटेत "वाळूची नदी" लागली. पुढे एका ओढ्याकाठी पोरांनी गोगलगाई शिजायला ठेवल्या. शिजवतायत शिजवतायत, कवचं काही मऊ होईनात, रस्सा पण लालच, म्हणजे कच्चंच आहे असं त्यांना वाटलं. म्हातारा कंटाळून म्हणाला मी पुढे होतो, झाडं तोडून वाट करून ठेवतो, तुम्ही या मागून. पोरांना शेवटी कोणीतरी सांगितलं की अरे गोगलगाय चोखून खातात, कवच कधी मऊ होतं का! पण तोवर तोडलेल्या केळी पुन्हा वाढून वाट बुजली होती. म्हातारा फणी घेऊन गेला तो गेला, आणि पोरं जिथे होती तिथेच राहिली. तेच कयिन.

हे सांगताना तो हसत होता पण शेवटी म्हणाला, आजी म्हणायची तो अजून पुढे कुठेतरी वाट बघतोय.

वाळूची नदी म्हणजे गोबीचं वाळवंट असं मिशनरी लोकांनी लावलं म्हणे. १९४९ पासून त्यांचं सरकारशी युद्ध चालू आहे, त्याचे वडील सीमेवरच्या छावणीत वाढलेत.

सुगरण_सुमन

किती सुंदर गोष्ट. आमच्याकडे पावसात कातळावरचे शंख-शिंपले चोखतात ते आठवलं. अवांतर: तिकडच्या जेवणाबद्दल पण लिहा ना कोणीतरी.

भटका_खलाशी

सुमनताई, अवांतर नाहीच, लोक कुठून आले ते ताटात दिसतं. "पलाटा" म्हणजे आपला पराठा, "दानबाउक" म्हणजे दमपुख्त बिर्याणी. लपे म्हणजे मुरवलेली चहाची पानं, तीळ-शेंगदाणे-तळलेला लसूण घालून खातात, ही डोंगरातल्या पलाउंग लोकांची पिकवण. आणि शान नूडल्स तर शहरात गल्लोगल्ली.

तिखट_मिरगुंड

सगळं छान चाललंय पण एक नाव कोणी घेतलं नाही. रोहिंग्या. त्या १३५ मध्ये ते का नाहीत?

रोखठोक_राव

कारण ते तिथले नाहीतच. इंग्रजांच्या काळात चितगावातून मजुरीला आलेले बंगाली.

तिखट_मिरगुंड

सगळे? इंग्रज-बर्मा पहिलं युद्ध १८२४ चं. त्याच्या २५ वर्षं आधी, १७९९ साली, बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने लिहून ठेवलंय की अराकानात, म्हणजे आजच्या रखाइनमध्ये, फार पूर्वीपासून राहणारे मुसलमान स्वतःला "रुइंगा" म्हणतात, म्हणजे अराकानचे. इंग्रजी राजवटीत चितगावातून बरेच लोक आले हेही खरंच, मी नाकारत नाही. पण आधीचे नि नंतरचे यांची भाषा एक, धर्म एक, गावं एक, आता कोण कुठला हे कागदावर कसं वेगळं करणार? १९८२ चा नागरिकत्वाचा कायदा म्हणतो की १८२३ च्या आधीपासून इथे असाल तरच तुमची जमात देशी. डोंगरातल्या शेतकऱ्याने दोनशे वर्षांचा पुरावा आणायचा कुठून? माझ्या आजोबांच्या जन्माचा दाखला नाही माझ्याकडे. २०१७ मध्ये सात लाखांवर माणसं बांगलादेशात पळाली.

शब्दवेडी

तिखट, सहमत. आणि यातच एक गोष्ट आपल्या अगदी जवळची. औरंगजेबाचा भाऊ शाह शुजा गादीच्या लढाईत हरून १६६० साली अराकानच्या राजाकडे आश्रयाला गेला. तिथे तो मारला गेला, पण त्याच्या धनुर्धाऱ्यांना अराकानी राजांनी पदरी ठेवलं. त्यांचे वंशज आज "कमान" म्हणून ओळखले जातात. फारसी कमान म्हणजे धनुष्य, मराठीत दरवाजाच्या कमानीत तोच शब्द आहे. हे कमान मुसलमान, मूळ हिंदुस्थानातून गेलेले, आणि तरी १३५ च्या यादीत रखाइन गटात आहेत. शेजारचा रोहिंग्या नाही.

रोखठोक_राव

कमान माहिती नव्हते. १७९९ चा उल्लेखही माहिती नव्हता. आमच्या वाचनात एकच बाजू आली होती. विचार करायला लावलंत.

पणजीचं_पेटारं

माझी पणजी रंगूनची. पणजोबा तिथे लाकडाच्या वखारीत हिशेबनीस. तेव्हा रंगून म्हणजे हिंदी लोकांचं शहर, १९३१ च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त वस्ती हिंदी, बमार आपल्याच शहरात कमी. त्यात मंदी आली आणि खालच्या बर्मातली शेतं कर्जापायी तमिळ चेट्टियार सावकारांकडे गेली, १९३७ पर्यंत पाव हिस्सा. दंगली झाल्या. पणजी सांगायची की १९३० च्या दंगलीत शेजारच्या बर्मी बाईने तिला आपली लुंगी नेसवून, गालाला थनाखा, म्हणजे तिकडे लावतात तो झाडाच्या सालीचा लेप, फासून माजघरात बसवलं होतं. १९४२ ला जपानी आले तेव्हा निघाले, आसामपर्यंत चालत. बाईचं नाव पणजी शेवटपर्यंत घ्यायची. तिकडच्या लोकांची बाहेरच्यांबद्दलची भीती कुठून आली ते मला कळतं, आणि त्या भीतीचं पुढे काय केलं गेलं ते पण दिसतं.

मिरजमळा

जाता जाता, रंगून आणि यांगून एकच ना?

शब्दवेडी

एकच. बमार "य" म्हणतात तिथे रखाइन जुना "र" टिकवून आहेत. इंग्रज आधी अराकानच्या बाजूने आले, तिकडचा उच्चार पकडला, म्हणून रंगून.

सागवानी

उशिरा आलो. मूळ प्रश्न मागे पडलाय म्हणून लिहितो. धागाकर्त्याचा मित्र म्हणाला थिबा बर्मन राजा. घराणं कोनबाउंग, श्वेबोचं, बमारच. पण "थिबा" हे नाव कुठलं? ते त्याचं पाळण्यातलं नावच नव्हे. बर्मी राजपुत्रांना एखाद्या गावाचा महसूल तोडून देत आणि त्या गावाच्या नावाने ओळखत. थिबा म्हणजे सीपॉ, शान टेकड्यांमधलं संस्थानी गाव. बमार उच्चारात थिबॉ, रत्नागिरीकरांच्या तोंडी थिबा. शिवाय त्याची आई शान वंशाची. त्याच्या दरबारातले पंचांग बघणारे ब्राह्मण मणिपूरहून आणलेल्यांचे वंशज. म्हणजे रत्नागिरीतल्या रिक्षावर "थिबा पॅलेस" लिहिलेलं असतं तेव्हा एका शान गावाचं नाव लिहिलेलं असतं.

जांभ्याची_वाट

सागवानी, हे वाचून खुर्चीतून उठलो. लगेच मित्राला फोन लावला, धागा अख्खा वाचून दाखवला, जमेल तसं भाषांतर करून. थिबाचं ऐकून तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, खरं तर माझी आई मोन आहे. ओळखपत्रावर जमातीचा रकाना असतो, त्याच्या कार्डावर कयिन लिहिलंय, बहिणीच्या कार्डावर कयिन-मोन. एकाच घरातली दोघं, वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कारकुनापुढे उभी राहिलेली. आई अजूनही भाजी मोजताना मोनमध्येच मोजते म्हणे.

धारणीकर, त्याच्या आईला कोरकूतले आकडे ऐकवायचेत. एक ते दहा आवाजात रेकॉर्ड करून पाठवाल का?

धारणीकर

पाठवतो ना, काऊन नाही. पण माह्या आवाजात नको, माहे उच्चार दुकानदाराचे. उद्या बाजार आहे, एक कोरकू आजी मोहाची फुलं घेऊन येते, तिलेच मोजायला लावतो. तिकडच्या माऊलीचे आकडे पण मागवा, आजीले ऐकवीन.